चौऱ्याण्णव सालचं मशीन

बातमी आली तो दिवस साधा होता. दुपारच्या उन्हाने पत्रा तापला होता, धाकटा भंगाराच्या गोदामात उकिडवा बसून जुन्या कॉम्प्युटरच्या ढिगात हात घालत होता, आणि भंगारवाला खुर्चीवरूनच त्याला म्हणत होता, "साहेब, सोनं सापडलं तर मलाही सांगा. मी गोदाम बंद करून तुमच्या शेजारी येऊन बसतो."

"थांबा, अप्पा. धाकटा म्हणजे कोण?" अंधारातून एका भाचीने विचारलं.

जेवणं उरकून पोरं गच्चीवर सतरंजी टाकून बसली होती. अप्पांच्या अटीप्रमाणे सगळ्यांचे मोबाइल पालथे पडले होते. अप्पांनी पाठीमागची उशी सारखी केली.

"माझ्या फोटो-चौकटींच्या दुकानाला लागून दोघा भावांचं दुरुस्तीचं दुकान होतं. टीव्ही, रेडिओ, कॉम्प्युटर, म्हणाल ते. गल्ली त्यांना थोरला आणि धाकटा म्हणायची. हे घडलं धाकट्याच्या बाबतीत. त्याने मला एकदाच सांगितलं, आणि तो थापा मारणाऱ्यातला नाही. आता मधे बोलणार असाल तर मी आपला झोपायला जातो."

 अप्पांनी पुन्हा धागा धरला.

तर धाकटा शोधत होता एक साउंड कार्ड. थोरल्याने सकाळीच मोबाइलवर लिहून पाठवलं होतं : 'लांब काळ्या खाचेत बसणारं बघ. स्वतःचं स्वतः जुळवून घेणारं नको. ज्याच्यावर जंपर हाताने बसवावे लागतात, तेच. चौऱ्याण्णवच्या पुढचं आणलंस तर परत पाठवीन.'

थोरला सगळं लिहूनच बोलायचा. बऱ्याच वर्षांपूर्वी घशाचं दुखणं झालं, त्यात डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं. जीव वाचला, आवाज गेला. कामाच्या टेबलावर दोन्ही हात गुंतलेले असले की लिहिणार तरी कसं? मग तो स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टेबलावर ठोकायचा. एकदा ठोकलं की हो. दोनदा ठोकलं की नाही. धाकटा म्हणायचा, "दादाबरोबर इतकी वर्षं काम केलं, त्यातलं निम्मं आयुष्य टक-टक ऐकण्यात गेलं."

आवाज गेल्यावर थोरल्याला एक नाद लागला. जुनी मशीनं नव्याने उभी करायची. पण भंगारातलं मिळेल ते जोडून नव्हे. आधी एक साल धरायचं, आणि त्या सालानंतर जन्मलेलं काही म्हणजे काही त्यात घालायचं नाही. बोर्ड त्या सालचा, मेमरी त्या सालची, फ्लॉपी ड्राइव्ह, माउस, आतलं सॉफ्टवेअरसुद्धा त्याच सालचं. धाकटा चिडवायचा, "दादा, स्क्रूचाही जन्मदाखला काढ." थोरला हसायचा. त्याचं हसणं नुसत्या श्वासाचं होतं.

आणि हे शेवटचं मशीन चौऱ्याण्णवचं होतं. दोन वर्षं तो एकेक भाग जमवत होता. फक्त कार्ड राहिलं होतं.

ते धाकट्याच्या हाताला लागलं. धुळीने माखलेलं, पण खाच बरोबर, पिनांवर घालायच्या चिमुकल्या टोप्या, म्हणजे जंपर, जागेवर. त्याने बोटाने धूळ पुसली, फोटो काढून दादाला पाठवला, आणि उत्तराची वाट बघत तिथेच बसून राहिला. फोटो पोचल्याची खूण आली. बघितल्याची आली नाही. मग फोन वाजला. वहिनींच्या शेजारणीचा होता.

थोरला टेबलाशी बसल्या बसल्याच गेला होता.

धाकटा उठला तो कार्ड खिशात घालूनच. भंगारवाला मागून काहीतरी म्हणाला, ते त्याला आजतागायत आठवत नाही.

पुढचे दिवस जसे जातात तसे गेले. माणसं आली, माणसं गेली. घर रिकामं झाल्यावर एका संध्याकाळी वहिनी धाकट्याला म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? तुम्हाला ह्यांचा आवाज आठवतो?"

"आठवतो की."

"कसा होता?"

धाकट्याने तोंड उघडलं. आणि त्याच्या लक्षात आलं, सांगता येत नाही. जाड होता, बारीक होता, जरा घोगरा होता... शब्द होते, पण आवाज कानात येत नव्हता.

"मला येत नाही आठवत," वहिनी म्हणाल्या. "मी रोज प्रयत्न करते. नुसती टक-टक आठवते. लग्नाची कॅसेट लावली, तर त्या शहाण्या व्हिडिओवाल्याने सगळीकडे गाणी घालून ठेवलीयत. फोनवर कधी साठवला नाही, आपल्याला कुठे माहीत होतं. हे म्हणायचे... म्हणजे लिहायचे, मशीन झालं की तुला ऐकवीन."

"काय ऐकवीन?"

वहिनींनी टेबलाच्या खणातून एक हार्ड डिस्क काढली. जुनी, विटेसारखी जड, मऊ कापडात गुंडाळलेली. चौऱ्याण्णव साली थोरल्याने पहिल्यांदा साउंड कार्ड आणलं तेव्हा माइकवर काहीतरी बोलून ठेवलं होतं. ते एवढंच उरलं होतं, या डिस्कवर.

"मग ती फाइल कॉपी करून लॅपटॉपवर लावायची," इंजिनियरिंगला असलेला पुतण्या न राहवून म्हणाला. "दहा मिनिटांचं काम."

"धाकट्यालाही आधी तेच वाटलं होतं," अप्पा म्हणाले. "पण ती फाइल त्या कार्डाबरोबर आलेल्या रेकॉर्डरची होती. तो प्रोग्राम उघडताना आधी ते कार्ड शोधतो, आणि नाही सापडलं की बंद होतो. मशीन फार वेगवान असलं तर सुरू होतानाच कोसळतो. त्याला त्याच्या काळातलंच घर लागतं. आणि डिस्क म्हातारी. आतलं चाक अडकलेलं. एकदा फिरलं तर फिरलं, पुन्हा फिरेल याची खात्री नाही. थोरला दोन वर्षं घाई का करत नव्हता, ते कळलं?"

पुतण्याने मान डोलावली.

तर तो शनिवार होता. अमावास्या नाही, पौर्णिमा नाही, साधा शनिवार. वहिनी बाजूच्या खोलीत झोपल्या होत्या. धाकटा मागच्या खोलीत थोरल्याच्या टेबलाशी बसला, दार लोटून घेतलं. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

धाकट्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. बसायचा, उठायचा, खिडकीशी जायचा, मोबाइलवर दादाचा शेवटचा निरोप उघडायचा, मिटायचा. फोटो अजून न बघितलेलाच दिसत होता. शेवटी स्वतःवरच वैतागून त्याने बोर्ड पुढे ओढला.

भाग सगळे थोरल्याने डब्यांत मांडून ठेवले होते. पण धाकट्याला घाई होती. डब्यातला प्रोसेसर त्याला मंद वाटला. त्याच खणात एक पुढचा होता, जास्त वेगाचा, खाच तीच. वर्षभराने काय फरक पडतोय, असं म्हणून त्याने तो उचलला आणि बोर्डावर धरला.

टक. टक.

पाण्याचा पाइप असेल, त्याला वाटलं. थंडीने पाइप वाजतात. त्याने पिना खाचेवर टेकवल्या.

टक. टक.

या वेळी पाइप नव्हता. आवाज लाकडाचा होता. टेबलाच्या त्या टोकाकडून आला होता, जिथे थोरला बसायचा. धाकटा मान वर न करता तसाच थांबला. मग त्याने तो प्रोसेसर खणात परत ठेवला, डब्यातला मंद प्रोसेसर काढला, बसवला.

काही वाजलं नाही.

"मग तो पळून नाही गेला?" भाचीने हळूच विचारलं.

"मीही हेच विचारलं होतं. म्हणाला, अप्पा, माझ्या अंगावर काटा होता, पण पाय उचलेनात. आणि खरं सांगू, इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला कुणीतरी चुकतोयस म्हणून सांगत होतं."

त्याने काम सुरू ठेवलं. आता तो मोठ्याने बोलत होता, भीती घालवायला बोलतात तसा. "ही मेमरी. चालेल?" शांतता. "हे ग्राफिक्सचं." शांतता. कार्ड खिशातून काढलं, तेच ते, गोदामातलं. जंपर कुठल्या पिनांवर घालायचे त्यात तो अडखळला. पाच की सात? रेकॉर्डरला पाच लागत असावं. नाही, सात. त्याने सातावर जंपर धरला.

टक. टक.

"बरं बरं. पाच," धाकटा म्हणाला, आणि स्वतःच दचकला. कारण तो चिडून बोलला होता. दादाशी बोलायचा तसा.

सॉफ्टवेअर निवडतानाही तेच झालं. थोरल्याने फ्लॉपींचा गठ्ठा बांधून ठेवला होता. मशीन सुरू झालं की एकामागून एक घालत बसायचं. धाकट्याच्या पिशवीत पुढच्या सालची सिस्टिम सीडीवर होती, माउसने चालणारी, सोपी. सीडी नुसती हातात घेतली, तर टक-टक. आणि या वेळी टेबलाच्या टोकाकडून नाही. जवळून. जवळजवळ त्याच्या कोपराशी.

त्याने सीडी पिशवीत टाकली. पिशवी पायाने दूर ढकलली.

घड्याळात दीड वाजून गेला होता. खोलीत गारवा वाटत होता, पण त्याच्या मानेवर घाम होता. सगळं जोडून झालं. राहिला पॉवर सप्लाय. त्या काळच्या सप्लायला बोर्डासाठी दोन चपटे कनेक्टर असत. दिसायला अगदी जुळे. शेजारी शेजारी बसवायचे, आणि दोघांच्या काळ्या वायरी मधे, एकमेकींना चिकटून यायला हव्यात. अदलाबदल झाली तरी ते बसतात. निमूट बसतात. मग बटण दाबलं की बोर्ड जळतो. धाकट्याने हे हजार वेळा केलं होतं. डोळे मिटून केलं असतं.

त्याने कनेक्टर बसवले. केबल भिंतीत खोचली. बटणाकडे हात नेला.

टक. टक.

"आता काय?" तो कुजबुजला.

टक. टक.

त्याने प्रोसेसर बघितला. बरोबर होता. कार्ड. बरोबर. डिस्कची पट्टी. बरोबर. काय चुकलंय... काही चुकलं नव्हतं. तो थकला होता. वहिनी इतके दिवस वाट बघत होत्या. त्याने पुन्हा हात पुढे केला.

टक टक. टक टक. टक टक.

आवाज टेबलावरून येत नव्हता.

पत्र्यावरून येत होता. मशीनच्या.

आतून...

धाकट्याने बोट बटणावर ठेवलं. बटण खाली जाईना. खालून कुणी बोट लावून धरावं तसं. त्याने जोर केला. बोट वर ढकललं गेलं. हलकेच. रागाने नाही.

त्याने केबल उपटली. गुडघ्यांवर बसला. टॉर्च लावला. आणि बघितलं.

काळ्या वायरी दोन टोकांना होत्या.

बराच वेळ तो तिथेच बसून राहिला. मग कनेक्टर काढले, बदलले, काळीला काळी लावली. केबल पुन्हा भिंतीत खोचली.

टक.

एकदाच.

त्याने वहिनींना हाक मारली.  

वहिनी शाल गुंडाळून आल्या, स्टुलावर बसल्या. त्याचा चेहरा बघून म्हणाल्या, "बरं वाटत नाहीये का? राहू दे, सकाळी बघू."

"नाही. आत्ताच."

त्याने डिस्क हातात घेऊन मनगटाला एक झटका दिला. अडकलेलं चाक सुटावं म्हणून जुने कारागीर देतात तसा. बटण दाबलं. खट् करून ते सरळ खाली गेलं. पंखा घुमला. डिस्क कण्हली... थांबली... पुन्हा कण्हली, आणि फिरायला लागली. पडद्यावर मेमरीचे आकडे चढत गेले. धाकट्याने गठ्ठ्यातल्या फ्लॉपी एकेक करून घातल्या. तारीख विचारली, ती धाकट्याने भरली. मग रेकॉर्डर उघडला. यादीत एकच फाइल होती. त्याने ती लावली.

आधी नुसती खरखर.

"हॅलो. हॅलो. एक, दोन, तीन. लागलं वाटतं." आवाज तरुण होता, थोडा नाकातला, जरासा फुशारक्या मारणारा. धाकट्याला वाटलं, हा आपण कसा विसरलो? "ए, इकडे ये ना. यात काहीतरी बोल."

लांबून एका तरुण मुलीचं हसणं. "मी नाही बाई. मला काय बोलायचंय त्या डब्याशी."

"बरं, नको बोलूस. ऐकू तरी येतंय का?"

मुलगी काही बोलली नव्हती. खरखर चालू राहिली.

"येतंय," वहिनी म्हणाल्या.

फाइल संपली. वहिनींनी शालीचं टोक तोंडावर धरलं होतं. धाकटा पडद्याकडेच बघत बसला, कारण तिकडे बघण्याची त्याची छाती नव्हती. मग त्या म्हणाल्या, "असा होता होय." एवढंच.

"पुन्हा लावू?"

"नको. डिस्क दमली असेल." मग त्याही हसल्या, तोही हसला.

नक्कल सकाळी काढू, असं ठरलं. मशीन मात्र धाकट्याने बंद केलं नाही. डिस्क एकदा थांबली तर पुन्हा फिरेलच असं नव्हतं. इन्व्हर्टर जोडला, पडदा तेवढा विझवला, दिवा घालवला, आणि दार ओढून तो पुढच्या खोलीत सतरंजीवर आडवा झाला. वहिनी बाजूच्या खोलीत झोपल्या. त्याला झोप लागली, आणि गाढ लागली.

कशाने तरी तो जागा झाला.

घर शांत होतं. आणि त्या शांततेत... मागच्या खोलीतून... कर्र. कर्र-कर्र. कर्र.

डिस्कचा आवाज. नुसतं फिरण्याचा नव्हे. लिहिण्याचा.

तो उठून दाराशी गेला. दाराखालच्या फटीतून मशीनचा लाल दिवा दिसत होता. लुकलुकत होता. एकसारखा. आत कुणी हललं नाही. कुणी ठोकलं नाही. नुसतं लिहिणं चालू होतं, सावकाश, मधेच थांबून, पुन्हा सुरू होऊन, जसा माणूस बोलताना थांबतो...

त्याने कडीला हात लावला. ढकललं नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. मग दिवा विझला. आवाज थांबला. उरली फक्त पंख्याची घरघर.

उजाडेपर्यंत तो दाराशीच बसला.

सकाळी वहिनींना घेऊनच तो आत गेला. पडदा लावला. रेकॉर्डर उघडाच होता. यादीत दोन फाइली होत्या. वरची तीच, चौऱ्याण्णवची. खालची त्या रात्रीची. वेळ पावणेतीनची. पहिलीपेक्षा किती तरी मोठी.

धाकट्याने मशीन फिरवून मागची बाजू बघितली. कार्डाचं माइकचं भोक रिकामं होतं. त्या घरात माइक नव्हताच.

"मग?" पोरांतलं कुणीतरी म्हणालं. "काय होतं त्यात?"

अप्पांनी पाठीमागची उशी मांडीवर ओढून घेतली.

"धाकट्याने विचारलं, वहिनी, लावू? त्या पडद्यासमोर बसल्या. त्या फाइलच्या नावाखाली काचेवर बोट ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, आज नको. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं. आज नको. तो म्हणाला, निदान नक्कल तरी काढू, डिस्कचा भरवसा नाही. तर म्हणाल्या, त्यालाही डिस्क फिरवावीच लागेल ना? राहू दे. ऐकलं की संपलं, भाऊजी."

"म्हणजे ते मशीन अजून..."

"अजून चालू आहे. धाकटा इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या बदलत असतो. दर शनिवारी संध्याकाळी जातो, धूळ पुसतो, पंख्याला कान लावतो, विचारतो. त्याला धड झोप म्हणून लागत नाही. रात्री उठून फोन करतो त्यांना, घुमतंय ना म्हणून."

"आणि वहिनी काय म्हणतात?"

"तेच."

खाली रस्त्यावरून एक गाडी गेली. पालथ्या मोबाइलला कुणी हात लावला नाही.

"ती दुसरी फाइल अजून कोणी लावलेली नाही," अप्पा म्हणाले.